दाजींनी मशीनला तेल घातलं

६ फेब्रुवारी. नळाला पाणी बारीक. उशीचे चार अभ्रे धुतले. खालच्या लाँड्रीतले दाजी माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली मागून घेऊन गेले. कशाला, ते सांगितलं नाही.

दाजींना खरा मेहुणा एकच, पण त्याच्यामुळे ते अख्ख्या गल्लीचे दाजी झाले. लाँड्रीत चादरी दाबून काढणारं रोलरचं मशीन आहे. मेहुण्याने तरुणपणी त्याचं किंचाळणं टेप केलं, त्यावर ड्रम आणि गिटारींचा धुमाकूळ घातला आणि अल्बम काढला. या प्रकाराला इंडस्ट्रियल मेटल म्हणतात. अल्बम असा गाजला, की पुढच्या बँडवाल्यांनी म्हणे आपापल्या गावातली करकरणारी मशीनं हुडकून काढली. अजूनही काळ्या कपड्यांतले, साखळ्या लटकवलेले भक्त लाँड्रीत येऊन मशीनसमोर डोळे मिटून उभे राहतात. जाताना एखादा शर्ट इस्त्रीला टाकतात. तोही काळाच.

तेव्हापासून मशीनला तेल घालायची बंदी. "माझ्या भावाचं नाव आहे त्यात," असं ताईंनी नवऱ्याला बजावलेलं.

दाजींचं दुःख वेगळंच. ते काम करताना गातात, अगदी जीव ओतून. पण त्या कोलाहलात त्यांचं गाणं आजवर कुणाच्या कानावर पडलेलं नाही. एकदा तरी कुणी ऐकावं, एवढीच इच्छा.

आज ताई भाजीला गेल्या आणि दाजींनी सगळी बाटली मशीनच्या घशात ओतली. मशीन फिरत राहिलं, पण गप्प. दाजींनी आ वासून सूर लावला.

"अहो, हात अडकला की काय?" ताई पिशवी टाकून धावत आल्या.

"गातोय मी."

"हे गाणं? आणि मशीन का गप्प?"

"तेल घातलं."

"मेले मी! भाऊ यायचाय आज, नवीन अल्बमसाठी तोच आवाज घ्यायला!"

भाऊ दारातच उभा होता, हातात माइक. त्याचा चेहरा पांढराफटक. "दाजी, गळा का कापला माझा?"

"एक कडवं ऐक," दाजी काकुळतीला आले. "मग हव्या तेवढ्या शिव्या घाल."

त्यांनी तान घेतली. पायरीवरचं कुत्रं उठून चालतं झालं. मेहुण्याच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

"थांबू नका दाजी! मशीन पाणी भरेल तुमच्यापुढे!" म्हणत त्याने माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

"अरे, हे रेकॉर्ड करतोस?" ताईंनी कानांत बोटं घातली.

"ताई, असा भयंकर आवाज शोधून सापडत नाही!"

दाजींना एवढंच कळलं, की कुणीतरी ऐकतंय. ते डोळे पुसत दुसऱ्या कडव्याकडे वळले.

बाटली संध्याकाळी परत आली, रिकामी. अभ्रे इस्त्रीला टाकायचे राहिले.