नूरजिहानची काच

नूरजिहानने आयुष्यात एकच मोठी इमारत काढली, आणि तिचा विचका केला मी. हे तिच्या तोंडावर सांगायला मला तीन वर्षं लागली. शेवटी सांगितलं तेही तिची आई गेल्यावर, चाळिसाव्याचा हलवा ढवळताना.

नूरजिहान ही येतेरची एकुलती एक मुलगी. येतेर आणि मी तुर्कस्तानातल्या एमिरदागकडच्या एकाच गावच्या. लग्नं करून नवऱ्यांच्या मागोमाग बेल्जियमला आलो आणि एकाच कापडगिरणीत शेजारशेजारच्या मागांवर सव्वीस वर्षं उभ्या राहिलो. येतेर म्हणजे ‘पुरे’. घरात पाचवी मुलगी झाली तेव्हा तिच्या बापाने नाव ठेवून वरती निरोप धाडला होता. गिरणी बंद पडली तोवर माझे कान निम्मे गेले होते आणि तिचे गुडघे पूर्ण. मी मशिदीच्या गल्लीत विजारी आखूड करून द्यायचं दुकान टाकलं. ती दुकानात खुर्ची टाकून बसायची.

त्या खुर्चीचंही एक कारण होतं. आमची जुनी मशीद म्हणजे गिरणीचं लोकर धुवायचं गोदाम. खाली पुरुष आणि बायका माळ्यावर. माळ्याला एकोणीस पायऱ्या, त्याही शिडीसारख्या उभ्या. येतेरला त्या अकरा वर्षं चढता आल्या नाहीत. दर शुक्रवारी माझ्या दुकानाच्या काचेतून ती जाणाऱ्यायेणाऱ्या माणसांकडे बघत बसायची आणि कोण उशिरा आला ते मला सांगायची. मला म्हणायची, “घरी पढलं तरी पोचतं ग वर. पण घरी मी एकटीच असते.”

मुलगी शिकली. एका फ्लेमिश माणसाच्या कचेरीत नकाशे काढायला लागली. लोकांच्या मोऱ्या, स्वयंपाकघरं, आणि मागच्या बागेत काढायच्या काचेच्या खोल्या. इथल्या माणसाला पाऊस पडत असताना बागेत बसायचं असतं, त्यामुळे काचेच्या खोल्यांना मरण नाही. वीस वर्षं तिने हेच केलं. मशीद समितीला ट्रामच्या वळणावरची जागा मिळाली तेव्हा तिने नकाशा फुकट काढून देईन म्हणून सांगितलं. अट एकच होती. आईला रस्त्यावरून एकही पायरी न चढता आत जाता यावं आणि पुरुषांच्याच दिवाणखान्यात, त्यांच्या मागे, नमाज पढता यावा.

“अन्ने, तुला होजाची पाठ दिसेल,” ती आईला म्हणाली. होजा म्हणजे आमचा इमाम.

“दिसली तर बघेन,” येतेर म्हणाली. “चाळीस वर्षं तुझ्या बापाची बघितली, तिच्यात काही नव्हतं.”

समितीचा अध्यक्ष वेयसेल. माणूस वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात घुमट बसलेला होता. शहराच्या बांधकाम खात्याच्या पहिल्या बैठकीला तो मशिदीच्या चहाखान्याच्या भिंतीवरची तसबीरच उतरवून घेऊन गेला, दोन मिनार आणि मधे घुमट. तिथली कातलैन म्हणून बाई होती, गोड बोलणारी. तिने तसबीर दोन्ही हातांनी धरून बघितली आणि म्हणाली, “फार सुंदर आहे. पण आजचं काही करता येईल का? या शहराचं? थोडं मोकळं?” मग तिने शेजाऱ्यांनी लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा दाखवला. आत काय चालतं ते आम्हाला कसं कळणार, असं त्या सगळ्या पत्रांत होतं.

चार महिन्यांनी नूरजिहान पुठ्ठ्याची मशीद घेऊन दुकानात आली आणि तिने ती इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. बसकी, लांब, गिरणीच्याच लालकाळ्या विटांची. वर आमच्या मागशाळेचं छप्पर, करवतीच्या दातांचं, उत्तरेचा उजेड आत घेणारं. ते बघून मला रडू आलं. सव्वीस वर्षं त्या छपराखाली काढली आणि कधी मान वर करून बघायची सवड झाली नाही. इथे मुलीने ते आमच्या डोक्यावर नमाजासाठी घातलं होतं. आत एकच मोठी जागा. पुढे पुरुष, मागे बायका, मधे गुडघाभर उंचीचा लाकडी कठडा. आणि रस्त्याच्या बाजूला अर्ध्या भिंतीला काच.

“काच कशाला ग?” मी विचारलं.

“त्या पत्रांना उत्तर, मेदिहा तेयझे,” ती म्हणाली. तेयझे म्हणजे मावशी. “बघू देत आत. लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे?”

शहराला काच इतकी आवडली की दर बैठकीला ती वाढत गेली. अर्ध्या भिंतीची पाऊण झाली आणि शेवटी सगळीच भिंत काचेची झाली. वेयसेल दीड वर्ष घुमटासाठी भांडला, मग मिनारासाठी आणि मग निदान दारावरच्या चंद्रकोरीसाठी. शेजाऱ्यांनी पत्रं मागे घेतली आणि परवानगी आली. तिच्यात एक अट होती. काच कायम आरपार राहील. पडदा नाही, कागद चिकटवायचा नाही, दुधी रंगही नाही. नूरजिहानने सही केली. त्या दिवशी ती दुकानात येऊन आईला उचलायला निघाली होती.

मग जुन्या मशिदीच्या चहाखान्यात सगळ्यांना नकाशा दाखवायचा दिवस आला. साठ-सत्तर माणसं होती. तळमजलाच, म्हणून येतेरही आली आणि माझ्या मागच्या खुर्चीवर बसली. नूरजिहानने सगळं समजावून सांगितलं. कोणी काही बोलेना. मला अशी शांतता सोसत नाही. लहानपणापासून माझी जीभ माझ्या आधी उठते.

“पोरी,” मी म्हणाले, “मक्का त्या कोपऱ्याकडे. म्हणजे ट्राम आपल्या पाठीशी. बायका शेवटच्या रांगेत, म्हणजे काचेला लागून. मग आम्ही सजद्यात गेलो, कपाळ जमिनीला टेकलं, की चार नंबरच्या ट्रामला आधी काय दिसणार, ते तूच सांग.”

चहाखाना फुटला. कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हर थांबा विसरेल. दुसरा म्हणाला, नाही, तिथेच थांबेल. वेयसेलला हसून हसून ठसका लागला. मला माझंच कौतुक वाटत होतं. मी सगळीकडे बघत होते, फक्त नूरजिहानकडे बघितलं नाही.

आठवड्यात माझ्या गमतीचा ठराव झाला. ‘बायकांनाच नको आहे.’ वेयसेल हेच बोलायला लागला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोनचार बायकांना खरंच नको होतं, बाकीच्या मूग गिळून बसल्या. नूरजिहानने हातपाय मारले. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, मधे कठडा, आणि बायकांच्या बाजूला विटांची भिंत करू, म्हणाली. दिवाणखाना अर्धा होईल, समिती म्हणाली. होजाला विचारलं तर तो म्हणाला, धर्माची काही हरकत नाही, पण समिती ठरवेल ते. मग ती कातलैनकडे गेली, निदान कमरेपर्यंत दुधी काच द्या म्हणून. कातलैनच्या डोळ्यांत पाणी आलं. “परत शहराच्या सभेपुढे न्यावं लागेल. निवडणूक तोंडावर आहे. या काचेवर तर सगळं उभं आहे, नूरजिहान.” शेवटी नूरजिहानने समितीला सुचवलं, मग बायकांना पुढे घ्या आणि पुरुष बसू देत काचेपाशी. त्यावर कोणी उत्तरसुद्धा दिलं नाही.

तळघरात भटारखाना होता, वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायची, जागा होती, आणि खुर्च्या ठेवायची खोली होती. नकाशात त्या खोलीवर तिला स्वतःच्या हाताने ‘स्त्रिया’ असं लिहावं लागलं. खाली जायला सोळा पायऱ्या. लिफ्ट नकाशात होती, मग ती ‘पुढच्या टप्प्यात’ गेली. ती काम सोडणार होती. “मी सोडलं तर लिफ्टचा खड्डासुद्धा खणणार नाहीत,” ती म्हणाली आणि राहिली.

मी एकदा वेयसेलकडे गेले होते, ती नुसती गंमत होती हे सांगायला. तो मला आब्ला, म्हणजे ताई, म्हणतो. त्याने चहा मागवला. “मेदिहा आब्ला, तूच तर आमचे डोळे उघडलेस,” तो म्हणाला. मी चहा प्याले आणि परत आले. एवढी माझी हिंमत.

उद्घाटन ऑक्टोबरमधल्या शुक्रवारी झालं. ऊन पडलं होतं, जे आमच्याकडे सहसा होत नाही. वर काचेतून सगळी मशीद उजेडाने भरलेली, पाहुणे चपला काढून हळूहळू चालत होते, छपराकडे बोटं दाखवत होते. नूरजिहानला वर पाहुण्यांबरोबर उभं राहायला सांगितलं होतं. ती खाली आली. येतेरला आम्ही दोघींनी उतरवलं, उलटं, तोंड पायऱ्यांकडे करून. आठव्या पायरीवर ती थांबली, घाम पुसला आणि पुन्हा पाय खाली टाकला. नेहमी ती खुर्चीवर बसून नमाज पढायची. त्या दिवशी म्हणाली, “खुर्ची नको. मुलीने घातलेली सतरंजी आहे, कपाळ टेकवते.”

खाली पडदा बसवणार होते, ज्यावर होजा दिसला असता. तो पडदा आलाच नव्हता. कोपऱ्यात एक कर्णा होता, त्याच्यावर आमची सगळी भिस्त. खुतबा म्हणजे प्रवचन झालं, नमाजाची पहिली रकात, पहिली फेरी, झाली. दुसऱ्या रकातीत सजद्यात गेलो, कपाळं टेकली, आणि आवाज बंद झाला.

मला आधी वाटलं, उरलेले कानही गेले. मी वाट बघितली. होजा ‘अल्लाहू अकबर’ म्हणेल तेव्हा उठायचं, त्याच्या आधी उठलं तर नमाज त्याच्या मागचा राहत नाही. कोणी खाकरलं. कोणी उठेना. आपल्यामुळे रांग मोडायला नको, असं प्रत्येकीला वाटत होतं. माझ्या उजव्या हाताशी नूरजिहानचा हात सतरंजीवर पसरला होता. पलीकडे येतेरचा श्वास मोठमोठ्याने चालला होता. मग डोक्यावर पावलं वाजायला लागली. माणसं चालत होती. वरचा नमाज संपला हे आम्हाला समजलं, आणि तरीही आम्ही तशाच राहिलो.

नंतर कळलं, होजाच्या गळ्यातला माइक निसटून बंद पडला होता. वर कुणाला पत्ता लागला नाही, कारण त्या छपराखाली साधा आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचतो. तेही तिचंच काम. पाहुणे ताटकळू नयेत म्हणून होजाने पुढचं सगळं आटोपतं घेतलं होतं.

एकदम कर्णा खरखरला. फ्लेमिशमधून कोणी पाहुणा बोलत होता. या इमारतीत काहीही दडलेलं नाही, म्हणत होता, रस्त्यावरचा माणूस आत पाहू शकतो आणि आतला बाहेर. टाळ्या वाजल्या. मग वेयसेलचा आवाज आला. आमची मुलगी नूरजिहान कुठे आहे, फुलं घ्यायला पुढे ये पोरी.

येतेरचं कपाळ अजून जमिनीवर होतं. तशीच ती बोलली, म्हणजे तिचा नमाज तिथेच तुटला. “होजा उठला का ग?”

“उठला, अन्ने.”

“तुला दिसला?”

आम्ही दोघींनी काखेत हात घालून म्हातारीला उचललं. तिच्या कपाळावर सतरंजीची नक्षी उमटली होती. वर नूरजिहानचं नाव आणखी दोनदा पुकारलं, आणि मग फुलं कातलैनला दिली.

येतेर परत कधी त्या पायऱ्या उतरली नाही. लिफ्टच्या खड्ड्यात आता मोडक्या खुर्च्या आहेत. नूरजिहान पुन्हा लोकांच्या बागांतल्या खोल्या काढायला लागली. परदेशातून कधी कोणी मशीद बघायला येतात, फोटो काढतात, ती त्यांना भेटत नाही. मी चार नंबरच्या ट्रामने जाते तेव्हा आत पुरुषांच्या पाठी दिसतात, रांगेने, आणि त्यांच्या मागे काचेपर्यंत बरीचशी सतरंजी रिकामी पडलेली असते. शुक्रवार आणि ईद सोडली तर ती कधी भरत नाही.

या मार्चमध्ये येतेर गेली. झोपेत गेली, त्रास नाही झाला असं सगळे म्हणाले. चाळिसाव्याला तिच्याच घरी बायका जमल्या. स्वयंपाकघरात नूरजिहान आणि मी पिठाचा हलवा करत होतो. तुपात पीठ तांबूस होईपर्यंत हात थांबवायचा नसतो, आणि ढवळणारीने गेलेल्या माणसाचं नाव मनात घ्यायचं असतं. मी नाव घ्यायला गेले आणि मला ते घेता येईना.

“नूरजिहान,” मी म्हणाले, “ते ट्रामचं मी बोलले नसते तर तुझी आई वर बसली असती. माझ्यामुळे झालं. मला माफ कर म्हणत नाही, नुसतं सांगते.”

तिने माझ्या हातातला झारा घेतला आणि ढवळत राहिली.

“माहीत आहे, तेयझे. मीही हसले होते.”

मी पातेल्याकडे बघत राहिले.

“अन्नेसुद्धा हसली होती,” ती म्हणाली. “तू पुढे होतीस, तुला दिसलं नाही. तोंडाला रुमाल लावून, अगदी खांदे हलेपर्यंत. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. तेव्हाच उठून उत्तर द्यायला हवं होतं मला. उत्तर होतं माझ्याकडे. पण ती हसत होती, म्हणून मी बसून राहिले.”