आजाऱ्यांच्या यादीतलं नाव

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी उपदेशाआधी आजाऱ्यांची नावं वाचतात, आणि गेली कित्येक वर्षं ती मी वाचते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. आवाज खणखणीत, उच्चार शुद्ध. मी नावं वाचली की मंडळी डोळे मिटते, पाळकसाहेब प्रार्थना करतात, सगळे आमेन म्हणतात. मग आपण काहीतरी केलं असं वाटून आम्ही घरी जेवायला जातो.

मागच्या हिवाळ्यात त्या यादीत आमच्याच मंडळीतल्या एकाचं नाव आलं. शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो मुकादम होता, भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. तरुणपणी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावच्या शेतकरी घराने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. माझे यजमान रामदासपेठेतल्या दवाखान्यात शेवटचे दिवस काढत होते तेव्हा हा रोज संध्याकाळी वाडीहून सायकलने यायचा. त्याला चारचौघांत प्रार्थनाही धड करता येत नसे. मुकाट्याने त्यांचे पाय चेपायचा आणि मला म्हणायचा, "बाई, तुमी घरी जाऊन जेवून या. मी आहो ना." मी जेवून यायची. तो जेवला का, हे एकदाही विचारलं नाही.

आता तो त्याच दवाखान्यात होता. माझं घर धरमपेठेत, रिक्षाने दहा मिनिटं. पाळकसाहेब एकदा जाऊन आले, मग नाताळची धामधूम सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मी डबा भरला, रिक्षाही बोलावली. तेवढ्यात त्या जिन्यातला फिनाइलचा वास आठवला आणि रिक्षा परत पाठवली. दुसऱ्या आठवड्यात पाहुणे होते. तिसऱ्यात काहीच नव्हतं, तरी गेले नाही. चर्चच्या ग्रुपवर त्याच्या नावाखाली हात जोडल्याची चित्रं मात्र रोज पडत, त्यात एक माझं. त्याच महिन्यात शास्त्रपाठही माझ्याकडे आला. उपाशी, उघड्या भावाला नुसतं 'सुखी राहा' म्हणून वाटेला लावलंत तर तुमच्या विश्वासाला काय अर्थ, असा तो पाठ. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मी तो इतका छान वाचला की दोघीतिघींनी कौतुक केलं. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

चौथ्या रविवारी पुन्हा त्याचं नाव वाचलं. प्रभू त्याला लवकर उठवो, असं पदरचंही जोडलं. आमेन झालं.

उपासना संपल्यावर एक म्हातारा शेतकरी दाराशी उभा दिसला. धोतर, टोपी, कपाळाला गंध, हातात आमच्या चर्चचा शिक्का असलेलं गीतपुस्तक. तो म्हणाला, "बाई, तुमी आत्ता ज्याचं नाव घेतलं, तो माहा लहाना भाऊ. तो तं बुधवारीच गेला."

 तो सांगत गेला. गोदामातून निरोप मिळाला तसा तो सगळा अबोला विसरून गावाहून आला होता. तीन आठवडे भावाच्या खाटेशेजारी खाली झोपला, त्याला भरवलं, पुसलं. "कोनाले कळवावं समजे नाही. त्याचा फोन उघडेच ना. गावी नेलं. त्यानं सांगतलं होतं म्हून जाळलं नाही, वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेले पुरलं. तुमच्यातलं म्हनाचं काही येत नव्हतं मले. हात जोडून उभा राह्यलो. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलं," मी म्हणाले.

"रविवारी लय खूश राहे तो. म्हने, आज चर्चमंदी माहं नाव वाचत असन. मंग दाराकडे पाहून राहे. मी म्हनलं, तुह्ये लोकं काहून येत नाही गा? तं म्हने, त्या बाईचा मालक इथंच गेला दादा, तिच्या जिवावर येत असन. तिले दोष नको देऊ."

गीतपुस्तक माझ्या हाती देऊन तो बसस्टँडकडे निघाला. जेवून जा, असं मी त्यालाही म्हटलं नाही. सुचलंच नाही.

आता यादीतल्या प्रत्येकाला शनिवारी भेटते, मगच रविवारी नाव वाचते. तोच जिना, तोच वास. चढता येतो. तेव्हाही आला असता. मंडळीत मला दयाळू म्हणतात, आणि दर वेळी मला सांगावंसं वाटतं की एक माणूस तीन आठवडे दाराकडे पाहत होता, आणि मी दहा मिनिटांवर होते.