सावंतमामांचा नारळ

सावंतमामा नारळ घेऊन फाटकाबाहेर पडले की कॉलेजात सगळ्यांना कळायचं, यंदाच्या उत्कृष्ट खेळाडूचं नाव ठरलं. जिमखान्याच्या भिंतीवर काळ्या लाकडाचा सन्मानफलक होता, आम्ही त्याला फळाच म्हणायचो. त्यावर वर्षाला एकच नाव चढे, सोनेरी रंगात, आणि ते रंगवायचे मामा. नोकरी शिपायाची, पण अक्षर असं की पेंटरांनी तोंडात बोटं घालावीत.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मामा सकाळी लालबागच्या भिंतींवर गेरूने घोषणा लिहून यायचे आणि दुपारी त्याच हाताने वर्गांतले फळे पुसायचे. नखांतल्या गेरूबद्दल प्राचार्यांनी एकदा टोकलं, तर म्हणाले की जो रंग सरकारला पुसता येत नाही तो साबणाने कसा निघणार!

नारळाची रीत त्यांनी मालवणाकडच्या आपल्या गावातून आणलेली. तिकडे देवळातल्या कार्याचं आमंत्रण नारळ देऊन करतात म्हणे. म्हणून खेळाडूच्या घरी जाऊन वडीलधाऱ्यांच्या हाती नारळ द्यायचा, आणि त्यांनी तो फळ्यासमोर फोडल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. यात प्राचार्यांचंही काही चालत नसे.

त्या वर्षी नाव ठरलं माझं. फळ्यावरचं पहिलंच मुलीचं नाव! पण गिरगावात आमच्या घरी सगळ्यांची समजूत होती की मी संध्याकाळी लायब्ररीत बसते. इतकं वाचून मार्क कसे वाढत नाहीत, याचं आईला कोडं पडायचं. प्रत्यक्षात बाईसाहेब अर्ध्या चड्डीत शंभर यार्ड पळत होत्या. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळलं असतं तर पळणं बंद आणि कदाचित कॉलेजही. मी मामांच्या अक्षरशः विनवण्या केल्या की एवढी एक खेप नारळ राहू द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पोरीला ते आपल्या मालवणीत चेडू म्हणत.

"फळ्यार चढला काय ता नाव घराचा जाता, चेडवा. एकट्याचा रवना नाय."

रविवारी सकाळी ते आमच्या दारात हजर. धुतलेला सदरा, काळी टोपी, हातात नारळ. लग्नाची मुलगी घरात आणि नारळ घेऊन आलेला अनोळखी वयस्कर माणूस. नानांना वाटलं, स्थळच चालून आलं. त्यांनी मामांना खुर्ची दिली, आईने पोहे टाकले. मामा तोंड उघडायच्या आत नानांनी माझं कौतुक सुरू केलं. मुलगी गरीब, मान वर करून बघत नाही, सदा पुस्तकात. मी दाराआडून ऐकत होते.

मामांनी पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "ता माका ठावक नाय. पण तुमचा चेडू सगळ्यांच्या फुडे धावता."

मग त्यांनी सगळं सांगितलं, चड्डीसकट, आणि फळ्यावरचं नाव घराचं होतं तेही. ते गेल्यावर नानांनी मला एवढंच विचारलं, "लायब्ररी किती यार्डांची?"

तीन दिवस घरात अबोला. नारळ देवघरापाशी तसाच. तिकडे मामा ब्रशला हात लावायला तयार नाहीत, आणि मी मैदानावर जायचं सोडलेलं. चौथ्या दिवशी जिमखान्यात मामांना सांगायलाच गेले होते की माझं नाव लिहूच नका, तर दारात नाना! ऑफिसचा कोट, हातात पिशवी, पिशवीत नारळ. फळ्यासमोर जाऊन त्यांनी तो फोडला. मामांनी रंगवायला घेतलं. शेवटचं अक्षर होईपर्यंत नाना उभेच होते. निघताना मामांना म्हणाले, पुढच्या वर्षाची ओळ आखून ठेवा. मला तिथेच रडू फुटलं.

पुढच्या वर्षी मी हरले, ती गोष्ट वेगळी. नाना मात्र जिमखान्यात येतच राहिले. मामा रिटायर होऊन गावी गेले आणि तिथेच वारले, तेव्हा नारळ न्यायचं काम नानांनी आपणहून अंगावर घेतलं. एकदा चिंचपोकळीच्या चाळीत एका मुलीचा बाप नारळाला हातच लावेना. मुलीचं नाव चारचौघांत कशाला, म्हणाला.

नानांनी नारळ त्याच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितलं, "फळ्यावर चढलं की ते नाव घराचं होतं. माझ्या घराचं झालंय, येऊन बघा."