घरातलं धडधाकट माणूस

गोजरा कधी आजारी पडत नाही, हे तिच्या घरात ठरूनच गेलं होतं. कुणी विचारलंच तर पदर खोचून म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" सर्दी झाली तर आल्याचा तुकडा गालात धरायची. ताप आला तर तापातच भाकऱ्या थापायची. खोकला मात्र होता. पण तो आजारात धरायचा नसतो. मिरचीच्या गाळ्यावर काम करणाऱ्या सगळ्याच बायका खोकतात.

पाटणच्या बाजूच्या एका डोंगरातल्या गावातून ती लग्न होऊन मुंबईला आली, तेव्हा तिचा नवरा हौसेराव मस्जिद बंदरला मिरचीची पोती वाहत होता. मुलगा धनाजी शाळेत जायला लागल्यावर एक दिवस हौसेराव म्हणाला, "घरात बसून भिंतीसंगं काय बोलतीस? गाळ्यावर बायका पायजेत देठं खुडायला. माझ्या नजरंसमोर ऱ्हाशील." शेठकडे शब्द टाकून त्यानंच तिला कामाला लावलं. पुढं बाजार खाडी ओलांडून वाशीला आला. त्याच्यामागून माथाड्यांच्या टोळ्या आल्या, आणि टोळ्यांमागून संसार. कोपरखैरण्याला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. गोजरा मात्र तिथंही लाल ढिगाशीच बसली. नाकावरून पदर आवळून बायका देठं खुडायच्या, सुनांच्या तक्रारी करायच्या, आणि पाठीवर पोतं घेतलेला हौसेराव बाजूनं जाताना ओरडायचा, "बाजूला व्हा बायांनो, नवरदेव आला!"

"नवरदेवाच्या पाठीवर नवरी न्हाई, पोतं हाय," एखादी म्हणायची.

"ही बरी. ही बोलत न्हाई."

गोजरा त्याच्यावर मूठभर देठं फेकायची. ते तिचे सगळ्यात सुखाचे दिवस होते, पण तेव्हा ते तिला माहीत नव्हतं.

मग हौसेराव धापा टाकायला लागला. आधी पोतं उचलताना, पुढं नुसता जिना चढताना. टोळीनं त्याला दवाखान्यात पाठवलं. तिथं त्याला यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. फुंक बरी निघाली. काही नाही, विडी सोडा, असं सांगून परत पाठवलं. काही महिन्यांनी पुन्हा गेला. पुन्हा तेच. टोळीचा मुकादम दत्तू सगळ्यांसमोर म्हणाला, "हौशा, यंतर म्हनतंय तू पैलवान हाईस. मग पोत्याला बघून धापा का टाकतोस? पोतं काय तुझी सासू हाय व्हय?"

सगळे हसले. हौसेरावही हसला, खोकला येईपर्यंत.

घरी सून सुनयना भांडी आपटत म्हणायची, "काही लोकांना बरं नसणंच बरं असतं." धनाजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आणि एक दिवस गोजराही बोलून गेली, "फुंक चांगली हाय म्हनत्यात. मग घरात बसून कसं चालंल?" त्यानंतर जिना चढताना हौसेराव प्रत्येक वळणावरच्या जाळीपाशी थांबायचा आणि खाडीकडं बघितल्यासारखं करायचा. गोजरा पिशव्या घेऊन मागं असायची. तो थांबला की ती थांबायची, तो निघाला की निघायची.

त्या दवाखान्यात वैजयंती नावाची नवीन डॉक्टर आली, तेव्हा कुठं खरं कळलं. वयानं धनाजीएवढी, पण पेशंट बोलत असताना त्याच्याकडं बघणारी. तिनं मुंबईला पाठवून हौसेरावाच्या छातीचं स्कॅन करून घेतलं, फिल्म उजेडावर धरली आणि दोघांना जवळ बोलावलं.

"काका, तुमच्या फुप्फुसाचा वरचा भाग फुगून सैल झालाय, जुन्या फुग्यासारखा. आणि खालचा भाग व्रण पडून वाळलाय, सुक्या घोसाळ्यासारखा. एक नको तेवढी हवा धरून बसतो, दुसरा धरतच नाही. दोन्ही मिळून फुंकेचा आकडा बरोबर येतो. माणूस मात्र बरोबर नसतो."

हौसेराव फिल्मकडं बघत राहिला. बरं होईल का, किती दिवस, असं काहीच त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, "म्हंजी मी खोटा न्हाई न्हवं?"

"नाही काका. तुम्ही खोटे नव्हता."

त्यानं टोपी काढून डोळे पुसले. गोजरा फिल्मवरच्या पांढऱ्या जाळ्याकडं बघत राहिली. त्याच्याकडं बघायची तिची छाती झाली नाही.

वैजयंती अशा पेशंटांचं रक्त गोळा करत होती. जखमी फुप्फुसातून काही गोष्टी रक्तात पाझरतात, म्हणाली. त्या मोजता आल्या तर फुंकेनं फसवलेला माणूस रक्तावरून लवकर ओळखता येईल. "पण काका, आधीच सांगते. यातून तुम्हाला औषध मिळणार नाही. पुढच्या कुणाचा फायदा होईल कदाचित."

"घ्या की," हौसेरावानं बाही वर केली. "जन्मभर दुसऱ्याचंच वझं उचललं. त्यात हे काय जड हाय?"

"आणि तुमच्याच घरातलं एखादं धडधाकट माणूस हवंय. तुमच्या रक्ताशी त्याचं रक्त ताडून बघायला."

गोजरा तोवर स्टुलावर बसलीही होती. "माझं घ्या. मला काय धाड भरलीय?"

"जपून, बाई," हौसेराव म्हणाला. "सुई घातली की नुसता ठेचा निघंल."

कित्येक दिवसांनी तो असा बोलला होता. सुई टोचली तेव्हा गोजरा हसतच होती.

रक्ताचं दोघंही विसरली. रसायन परदेशातून यायचं होतं, सगळ्यांच्या नळ्या एकदम तपासायच्या होत्या. दिवाळी होऊन गेल्यावर गोजरा एकटी हौसेरावाच्या गोळ्या आणायला गेली, तर वैजयंतीनं तिला आत बोलावून पुन्हा रक्त काढलं. "मागच्या वेळी नळ्यांची अदलाबदल झाली असावी," एवढंच म्हणाली. पुढच्या खेपेला तिनं दार लोटून घेतलं.

"मावशी, अदलाबदल झाली नव्हती. काकांचा आकडा जास्त आहे, तो असणारच. पण तुमचाही जास्त आहे."

"जास्त म्हंजी चांगलं न्हवं?"

"नाही. यात जास्त म्हणजे वाईट. तुमच्याही फुप्फुसात काहीतरी चाललंय. किती, ते नुसत्या रक्तावरून सांगता येत नाही, फोटो काढावा लागेल. तुम्हाला दम लागतो का?"

"न्हाई."

"जिना चढताना?"

"न्हाई. मी थांबते, पन ते हे थांबत्यात म्हनून."

"आणि काका बरोबर नसतात तेव्हा?"

गोजराला परवाचीच गोष्ट आठवली. रॉकेल घेऊन ती एकटी वर चढत होती. पहिल्या वळणावर थांबली, दुसऱ्या वळणावर थांबली. अंगवळणी पडलंय, असं तेव्हा मनाशी म्हणाली होती.

"कशानं झालं?" तिनं विचारलं.

"एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. लहानपणची चूल, घरातली विडी, मिरचीची धूळ. पण गाळ्यावर जाणं आधी बंद करा. आणि फोटो काढू. लवकर सापडलं तर काही औषधं देऊन बघता येतात."

चुलीचं गोजराच्या कानावरूनच गेलं. गाळा मात्र आत जाऊन रुतला. तो लाल ढीग हौसेरावानं दिला होता. माझ्या नजरंसमोर ऱ्हाशील, असं म्हणून दिला होता. विडीही त्याचीच. खोटेपणाचा डाग पुसला म्हणून हा माणूस आत्ता कुठं सुखानं झोपायला लागला होता.

"ह्यांना सांगू नका," ती म्हणाली.

"मावशी, तुमच्यावर उपचार..."

"आधी ह्यांचं आवरू द्या. मग येते. तुमच्या पाया पडते, पोरी."

ती घरी आली, तेव्हा हौसेराव खाटेवर उशीला टेकून वाटच बघत होता. "का गं एवढा येळ? काय म्हनल्या बाई?"

गोजरानं पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली, तोंड पुसलं. "माझं रगत लई चांगलं निघालं म्हनं. दवाखान्यातल्या सगळ्यांचं आता माझ्यावरनं मोजनार हायेत."

हौसेरावाचा चेहरा असा फुलला, की खोटं बोलल्याचं तिला काही वाटायचंच राहून गेलं. "बघ! मी म्हनत हुतो!" जो येईल त्याला तो सांगू लागला. दत्तू मुकादम भेटायला आला, त्यालाही सांगितलं. "वाशीत आमच्या गोजरीचं रगत एक नंबर. डाक्टरनीनं सोता सांगितलं."

सुनयनानंही ते लक्षात ठेवलं. तिची पाठ धरायची, तिचं डोकं दुखायचं, आणि आत्याबाईंचं रक्त तर एक नंबर होतं. मग खालच्या नळावरून पाणी आत्याबाईंनी आणायचं, मामंजींचं अंथरूण-पांघरूण आत्याबाईंनी धुवायचं. "तुम्हाला काय, डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे," ती म्हणायची. तसं तिच्या मनात फार वाईट नव्हतं. घरात काम जास्त होतं आणि धडधाकट माणूस एकच होतं.

गोजरानं गाळा सोडला, पण सांगितलं ते हौसेरावाच्या सेवेचं कारण. दवाखान्यातून एकदा निरोप आला, एकदा वैजयंतीनं गोळ्या देताना विचारलं. गोजरा दोन्ही वेळा "येते, येते" म्हणाली. आणि तिला जायचंच होतं. फक्त फोटो काढला, औषध चालू झालं, तर ते घरात लपणार कुठं? एका खोलीत नवरा दिवसभर तिच्याकडंच बघत पडलेला. त्याला दुसरं बघायला तरी काय होतं?

उन्हाळ्यात ऑक्सिजनचा सिलेंडर लागला. तिसऱ्या मजल्यावर तो चढवायला टोळी आली. दत्तू मुकादमानं कुणाला हात लावू दिला नाही. पोतं घेतात तसा एकट्यानं पाठीवर घेऊन वर आणला, खाटेशी उतरवला आणि हौसेरावाच्या पायाशी खाली बसला. "तू आता पैलवान न्हाईस गड्या," तो म्हणाला आणि रडला. हौसेरावानंच त्याच्या पाठीवर थोपटलं.

शेवटच्या आठवड्यात हौसेराव एकेक शब्द सुटा करून बोलायचा. एका दुपारी सुनयना बाहेर गेलेली बघून त्यानं गोजराला जवळ ओढलं.

"एक... ऐकशील?"

"बोला की."

"माझ्यामागं... पोराच्या दारात... बसू नगंस. सून... बोलंल तुला."

"बोलू द्या."

"न्हाई. गाळ्यावर... जा परत. शेठला... दत्तू सांगंल. हात चालता... ठेव." त्यानं दम घेतला. "तू धडधाकट... हाईस. म्हनून मी... निवांत हाय."

गोजरानं त्याच्या नाकावरची नळी नीट केली. तिला खोकला येत होता. तो तिनं आत दाबून धरला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाणी आपल्यासाठी आहे असं त्याला वाटलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

"जाते," ती म्हणाली. "गाळ्यावर जाते परत."

दोन दिवसांनी तो गेला. निवांतच गेला.

दिवसकार्य उरकून पाहुणे गावाला परतले. सुनयना महिनाभर गोड वागली, मग भांडी पुन्हा वाजायला लागली. दवाखान्यात गोजरा गेली होती. वैजयंती बदली होऊन गेली होती. तिच्या जागच्या डॉक्टरनं विचारलं, "काय होतंय?" गोजराला नीट सांगता आलं नाही. आकडा जास्त आहे म्हणाली. कसला आकडा, ते तिला ठाऊक नव्हतं. त्यानं तिला नळीत फुंकायला लावलं. फुंक बरी निघाली.

मग ती गाळ्यावर जायला लागली. शब्द दिला होता, आणि घरात बसून तरी काय करायचं होतं? बायकांनी सरकून तिला जागा दिली. तिनं नाकावरून पदर आवळला.

एका संध्याकाळी ती बाजारातून भाजी घेऊन परत येत होती. जिन्याच्या पहिल्या वळणावर ती थांबली. दुसऱ्या वळणावर, जिथं हौसेराव खाडीकडं बघत उभा राहायचा, तिथं तिला उभंही राहवेना. जाळीला धरून ती पायरीवर बसली. शेजारची राहीबाई वरून खाली येत होती. ती तिला बघून जागीच थांबली.

"अगं गोजरा! आता कुनासाठी थांबतीस?"

गोजराला उत्तर द्यायचं होतं. श्वास पुरला असता, तर कदाचित खरंच सांगून टाकलं असतं. तिनं नुसता हात हलवला.

राहीबाईचे डोळे भरून आले. असला जीव लावणारी बाई आपण बघितली नाही, असं ती पुढं बरेच दिवस इमारतीत सांगत होती. त्या वेळी मात्र तिनं गोजराच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पिशवी घ्यायला वाकली. वाकता वाकता थांबली. दुःखातल्या माणसाच्या हाताला काम असावं, असं म्हणतात. म्हणून पिशवी तिनं गोजराजवळच राहू दिली, आणि बाजूनं हळूच उतरून गेली.