पंचवटीत मुक्कामाला बिबट्या

नाशिक रोडला उतरले तेव्हा हातात रिकामी बर्फाची पेटी होती आणि जिवाला एकच घोर: ही भरून, आतला ऐवज गोठलेलाच मुंबईला न्यायचा. पेठच्या बाजूला मोटारीखाली सापडलेल्या बिबट्याचं शवविच्छेदन होतं. वनखात्याच्या परवानगीने मला त्याच्या मांडीच्या मांसाचा तुकडा मिळणार होता. त्यात सिझियम (जुन्या अणुचाचण्यांच्या धुळीतला किरणोत्सर्गी पदार्थ) किती, हे आमच्या प्रयोगशाळेत मोजायचं होतं. धूळ गवतावर, गवत शेळीत, शेळी बिबट्यात, असा त्याचा प्रवास. माझा त्याहून खडतर झाला.

"मॅडम, लय देखणा व्हता हो," वनरक्षक हळहळला. मलाही फार वाईट वाटलं.

परतीची एसटी घाटात पंक्चर झाली आणि बर्फ वितळू लागला. मांसाला पाणी सुटलं की सिझियमही त्याबरोबर जातं, मग मोजायचं काय, कपाळ!

"मासळी हाय का गं?" शेजारच्या आजींनी विचारलं.

"बिबट्या आहे."

आजींनी पिशवी उचलली आणि थेट पुढची सीट गाठली.

मुंबईची गाडी अर्थातच चुकली. फ्रीजर असलेलं हक्काचं घर एकच, पंचवटीतल्या मावशीचं. काका यात्रेकरूंच्या पूजा सांगतात. त्या घरात अंडंसुद्धा शिरत नाही.

"मांस? माझ्या फ्रीजमध्ये? शुद्धीवर आहेस ना?" मावशी दारातच कडाडली.

"मावशी, बिबट्याचं आहे गं."

"म्हणजे वाघच की! देवीचं वाहन, ते का बाहेर ठेवायचं?" तिने मटार काढून पुडक्याला जागा केली, वरून हळदकुंकूही वाहिलं. मी हुश्श केलं.

तेवढ्यात काका म्हणाले, "घरात मयत असताना चूल पेटत नाही. हे उद्या हलेपर्यंत स्वयंपाक बंद."

माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि ओट्यावर थालीपिठाचं पीठ मळलेलं दिसत होतं. "काका, नुसता तुकडा आहे हो!"

"तुकडा असला म्हणून काय झालं? जीव गेलाय ना?"

आम्ही तिघं केळी खाऊन झोपलो.

सकाळी मावशीने पेटीला नमस्कार करून निरोप दिला. मुंबईत झाकण उघडलं तर तुकडा दगडासारखा टणक! मला नाचावंसं वाटलं.

मोजणी झाल्यावर मावशीला फोन केला. "सापडलं गं, अगदी कणभर. माझ्या जन्माच्या आधी कुठल्या कुठे फोडलेल्या बॉम्बची धूळ."

"अगं बाई! आणि ती आपल्या बिबट्यात?" मग तिने विचारलं, "ज्यांनी तो फोडला, त्यांच्या घरी त्या दिवशी स्वयंपाक झाला होता का गं?"