सातवं मत

अमेरिकेत आमच्या राज्यात न्यायाधीशही मतदानानं निवडतात. मुलगी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आली, तेव्हा आमच्या ट्रॉय गावातल्या निम्म्या मराठी मंडळींना आपणच जिंकल्यासारखं वाटलं. मला तर वाटलंच. आधी सरकारी वकील, मग खालच्या कोर्टात न्यायाधीश आणि शेवटी ही निवडणूक. थंडीत दारोदार पत्रकं वाटून माझे गुडघे कामातून गेले होते. शपथ घेतली त्या दिवशी तिनं मला बजावलं, "आई, केसबद्दल कुणी काही बोललं तर ऐकू नकोस. आणि मला तर मुळीच सांगू नकोस."

सोपं होतं. पण जन्मभर डॉक्टरकी केलेल्या बाईच्या हातात फाइल दिली, की ती उघडणारच.

फाइल माझ्या मैत्रिणीनं आणली. तिचे यजमान एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात, वारले. निष्काळजीपणाचा तिचा दावा खालच्या कोर्टानं ज्युरीपुढे जाऊच दिला नाही, आणि आता तो मुलीच्या कोर्टात आला होता. आमची ओळख असल्याचं मुलीनं दोन्ही पक्षांना आधीच कळवलं होतं; कुणाची हरकत नव्हती.

"तू फक्त डॉक्टर म्हणून बघ गं," मैत्रीण म्हणाली. मी बघितलं. पाठीवरच्या जखमांच्या नोंदी वाचून माझं डोकं सणकलं.

रविवारी मुलगी जेवायला आली. चार घास होईपर्यंत मी कशीबशी गप्प बसले. मग उचलली जीभ, लावली टाळ्याला. "अगं, त्यांना दिवसदिवस कुशीवर वळवलं नव्हतं! मी स्वतः वाचलंय."

तिनं चमचा खाली ठेवला. "आई, स्टॉप. प्लीज."

"मी डॉक्टर म्हणून सांगतेय."

"तू माझी आई आहेस. आता मला हे डिस्क्लोज करावं लागेल." आणि ताट तसंच टाकून ती निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी तिनं दोन्ही वकिलांना कळवलं आणि त्या केसमधून ती बाजूला झाली. सात न्यायाधीशांचे सहा उरले. त्यानंतर कित्येक आठवडे मी घरभर येरझाऱ्या घातल्या. आवरलेली कपाटं विस्कटली, पुन्हा आवरली. शेवटी निकाल लागला, तीन विरुद्ध तीन. बरोबरी झाली की खालच्या कोर्टाचा निर्णय कायम राहतो. मैत्रिणीचा दावा संपला.

मी तिच्या घरी जाऊन सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "फाइल मीच आणली ना गं." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

राहवेना म्हणून मी मुलीला विचारलं, "तू असतीस तर काय मत दिलं असतंस?"

"आई, हे नको विचारूस."

माझी तळमळ ती बघत होती. तिचं मत मैत्रिणीच्या विरुद्ध असतं, म्हणजे दावा तसाही हरलाच असता, तर नियम मोडूनही तेवढं सांगून तिनं मला मोकळं केलं असतं, असं मला सारखं वाटतं. तेवढं तिनं आजही सांगितलेलं नाही.