मतलई वाऱ्यातले चेंडू

पहिला चेंडू पाण्यात गेला तेव्हा सकाळचे पावणेनऊ वाजले होते. फुगवलेला प्लास्टिकचा चेंडू, वजन जवळजवळ नाहीच. एका मुलाच्या हातून सुटला, वाळूवर दोन टप्पे घेतले आणि सरळ समुद्रात निघाला. त्याच्या मागे दुसरा. मग एकदम पाच-सहा.

मी वॉच टॉवरवर होतो. शिट्टी तोंडात धरली आणि खाली उतरायला लागलो.

मालवणजवळच्या एका किनाऱ्यावर मी अकरा वर्षं जीवरक्षक होतो. शेवटी शेवटी इनचार्ज. इनचार्ज म्हणजे फार काही नाही. मी आणि लवू, दोघांचीच ड्यूटी. तो मे महिन्यातला रविवार होता. गावातल्या मंडळाने मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी महोत्सव ठेवला होता. वाळूचे किल्ले, चित्रं, जादूचे प्रयोग, पोहे, कोकम सरबत, सगळं फुकट. ऊन तापायच्या आत आटपावं म्हणून सातलाच सुरुवात. आतल्या गावांतून टेम्पो भरून माणसं आली होती. समुद्र तासाभरावर, पण पोहता येणारा त्यांच्यात क्वचितच एखादा.

चेंडूंचं मला आदल्या संध्याकाळी कळलं. स्टेजमागे पोती रचलेली दिसली. मंडळाचा अध्यक्ष बाबल माझ्याच वर्गातला.

"ह्ये कित्याक रे?" मी विचारलं.

"पोरांक. प्रत्येकाक एक."

"सकाळी वाटू नको. अकरानंतर वाट."

कारण सांगतो. सकाळी आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई वारा म्हणतात. दुपारकडे तो फिरतो आणि समुद्राकडून आत येतो. मतलई वाऱ्यात लाटा दबलेल्या असतात. पाणी इतकं शांत दिसतं की कोणालाही उतरावंसं वाटतं. पण हलकी वस्तू एकदा पाण्यावर पडली की वारा तिला बाहेर नेतो. आणि चांगला पोहणाराही फुगवलेल्या चेंडूला गाठू शकत नाही. तो कायम चार हात पुढे असतो.

हे सगळं मी बाबलला सांगितलं. त्याने ऐकूनही घेतलं.

"पाव्हणे साडेआठाक येतले आणि नवाक जातले," तो म्हणाला. "तेंच्याच हातान वाटूचे आसत. अकरापर्यंत कोण थांबतलो?"

"पोरां पाण्यात धावतली."

"मगे तुमी कित्याक आसात? दोरी बांधा."

मग म्हणालो, "बरां. दोरी बांधतंय."

त्या "बरां"चा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे.

पाण्याच्या कडेने बांधलेल्या दोरीचा उपयोग झाला, हे खरं. मुलं दोरीपाशी थांबली आणि रडायला लागली. दोरी वर करून आत गेले ते बाप. चेंडू दहा हातांवर दिसत होता, पाणी गुडघ्याएवढं होतं. आणखी दोन पावलं, आणखी दोन. त्या किनाऱ्यावर छातीएवढ्या पाण्यानंतर वाळू एकदम उतरते. बाहेरून ते दिसत नाही. त्यात ओहोटी लागलेली. म्हणजे वारा आणि पाणी दोन्ही बाहेर ओढत होते.

सात-आठ जण आत होते. मी शिट्टी मारत होतो, पण स्टेजवरच्या स्पीकरपुढे ती कोणाला ऐकू जाणार? लवू उत्तरेच्या टोकाला होता. तो आत घुसून माणसांना मागे ढकलायला लागला. बहुतेक जण वळले. दोघं वळले नाहीत.

त्यातला एक ओरडत होता. "वाचवा, वाचवा" करत दोन्ही हात वर हलवत होता. दुसरा त्याच्या डावीकडे, थोडा आणखी आत. चाळिशीचा, पांढरा शर्ट. तो काहीच बोलत नव्हता. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, हात पाण्याखाली शिडी चढल्यासारखे.

आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात की बुडणारा माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो आणि तो श्वास त्याच्याकडे नसतो. जो ओरडतोय त्याच्याजवळ अजून वेळ आहे. गप्प आहे त्याच्याकडे आधी जायचं. हे मी स्वतः नवीन पोरांना शिकवत आलो होतो.

मी ओरडणाऱ्याकडे गेलो.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आवाज आला, शरीर तिकडे वळलं. माझ्याकडे रेस्क्यू ट्यूब होती, म्हणजे पट्ट्याने अंगाला बांधलेला फोमचा लांब तुकडा. बुडणाऱ्याने तो धरायचा आणि आम्ही ओढायचं. ती त्याच्या हातात दिली, चार हात मारले आणि त्याचे पाय वाळूला लागले. इतकाच तो आत होता. तिथून तो चालत बाहेर गेला.

मी वळलो तेव्हा पांढरा शर्ट दिसत नव्हता.

लवू आणि मी डुबक्या मारत राहिलो. होडीवाले दोघं आले. स्टेजवर जादूगार तोंडातून रंगीत रुमाल काढत होता आणि माईकवर कोणीतरी टाळ्या वाजवायला सांगत होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. बारा-तेरा मिनिटांनी लवूच्या हाताला शर्ट लागला. वाळूवर आणून मी सीपीआर सुरू केला. म्हणजे छाती दाबायची आणि तोंडाने श्वास द्यायचा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दोघांनी आळीपाळीने केला. तोवर स्पीकर बंद झाला होता.

त्या माणसाची सहा-सात वर्षांची मुलगी दोरी धरून उभी होती. तिच्या आईने तिला उचललं तरी तिची मूठ सुटेना. शेवटी बाबलने दोरीच कापली.

रुग्णालयात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "चेंडू वाटू नका असं तुम्ही मंडळाला लेखी दिलं होतं?"

"तोंडी सांगितलं होतं."

"लेखी?"

"नाही."

मग मी दोघांपैकी कोणाकडे आधी गेलो तेही सांगितलं. साहेबांनी पेन थांबवलं. "ते मी विचारलं नसताना तुम्ही सांगताय. एकाला वाचवलंत, दुसऱ्यापर्यंत पोचला नाहीत. एवढं पुरे आहे."

"लिहा साहेब," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं की नाही, मी बघितलं नाही. कारवाई कोणावरच झाली नाही. बाबलने अध्यक्षपद सोडलं. आम्ही अजून बोलतो, पण त्या दिवसाबद्दल नाही.

बाराव्यानंतर मी बुडालेल्या गृहस्थांच्या गावी गेलो. आंबोलीच्या पायथ्याचं गाव, काजूच्या बागा. त्यांच्या पत्नी मागच्या पडवीत काजू सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. दुसरा माणूस ओरडत होता, तुमचे यजमान गप्प होते, म्हणून मी तिकडे गेलो. माझी चूक झाली.

त्यांनी हातातला काजू सोलून बाजूला ठेवला.

"ते कधी मोठ्यान बोलूकच नायत," त्या म्हणाल्या. "घरात सुदा नाय." मग आत बघून मुलीला म्हणाल्या, "गो, पाव्हण्यांक पाणी हाड."

पाणी प्यायलो आणि निघालो.

महोत्सव दोन वर्षं बंद होता. आता पुन्हा होतो, किनाऱ्यापासून दूर, शाळेच्या मैदानात. मी टॉवर सोडला. नवीन जीवरक्षकांना शिकवतो. दोन गोष्टी त्यांच्याकडून पाठ करून घेतो. हरकत असेल तर कागदावर द्या आणि त्यावर पोच घ्या. आणि पाण्यात उतरण्याआधी एकदा थांबून मोजा, कोण कोण आवाज करत नाहीये. मोजायला दोन सेकंद लागतात. मी ते दोन सेकंद वाचवले होते.